भिंतीमागची माती

पुणे शहरातील आमच्या धर्मग्रामाच्या आवाराला लागून एक नाला वाहतो आणि थोड्याच अंतरावर तो मुठेला मिळतो. उन्हाळ्यात त्याची दखलही घ्यावी असे काही नसते. परंतु पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की मुठेचे पाणी फुगून त्यात उलटे शिरते आणि दोन-तीन दिवस आमच्या आवाराची कड पाण्याशी जाऊन भिडते. ती कड ढासळू नये म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही तेथे सुमारे तीन मीटर उंचीची दगडी संरक्षक भिंत बांधून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात ती पुढे कलली. त्या भिंतीने आम्हांला जे शिकविले, ते वाचकांपुढे ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

भिंत कलली तो दिवस आम्हांला चांगला आठवतो. रविवार होता. आदल्या दोन दिवसांत पाणी भिंतीच्या माथ्याखाली हातभर अंतरापर्यंत चढले होते आणि भिंत जागची हलली नव्हती. रविवारी पहाटे धरणातील विसर्ग कमी झाला, नाल्याचे पाणी झपाट्याने उतरले, ऊनही पडले. सकाळच्या मिस्सेनंतर मुले धर्मशिक्षणाच्या वर्गातून बाहेर पडली, तेव्हा भिंतीचा मधला वीसेक मीटरांचा भाग नाल्याच्या बाजूला वीतभर झुकलेला दिसला. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. पण प्रश्न मनात राहिला. पाणी अंगावर आले तेव्हा जी भिंत उभी राहिली, ती पाणी निघून गेल्यावर का कलावी?

लोकांना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. ‘सिमेंट खाल्ले’, एवढ्या दोन शब्दांत निकाल लागला. कंत्राटदार आमच्याच धर्मग्रामातील तरुण होता. त्याचे आजोबा नगर जिल्ह्यातून गवंडीकाम करीत पुण्यास आलेले. तो मान खाली घालून भिंतीपाशी उभा होता आणि आम्ही काही बोललो नाही.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध अभियंते आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. उभी हयात त्यांनी बंदरांच्या बांधकामांवर घालविली. पुण्याला समुद्र नाही, मग येथला माणूस बंदरांत कसा गेला, असे पूर्वी आम्हांला वाटे. परंतु १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरू केलेली आणि आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था आपल्या खडकवासल्यासच आहे. भरती-ओहोटी, लाटा आणि गाळ यांचा अभ्यास करण्यासाठी तेथे बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधतात. समुद्रापासून एवढ्या दूर बसून समुद्राचा विचार करणारी माणसे या शहरात पुष्कळ वर्षांपासून आहेत.

काका संध्याकाळी काठी टेकीत आले. त्यांनी भिंतीकडे दुरून पाहिले नाही. खाली उतरून दगडांच्या सांध्यांवर तळहात ठेवला. नाला तळाला गेला होता, पण दोन मीटर उंचीपर्यंत सांधे ओले होते.

“फादर,” ते म्हणाले, “बाहेरचे पाणी उतरले. आतले अजून उतरलेले नाही.”

मग त्यांनी आम्हांला गोदीच्या भिंतीची गोष्ट सांगितली. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीत आणि ओहोटीत पाण्याच्या पातळीचा फरक पाच मीटरांच्या आसपास जातो. भरतीच्या वेळी धक्क्याच्या पुढेही पाणी असते आणि मागच्या मातीतही असते. दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. ओहोटीला पुढचे पाणी निघून जाते. मागचे मात्र मातीच्या बारीक छिद्रांतून वाट काढीत सावकाश येते. तेवढा वेळ भिंतीवर मातीचा भार असतो आणि वर अडून बसलेल्या पाण्याचाही. पातळीत एका मीटरचा फरक पडला, तर त्याखालच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन जादा दाब येतो. दिवसातून दोनदा ही परीक्षा होते. म्हणून धक्क्याची भिंत आखणारा माणूस आधी विचारतो, मागची माती पाणी किती वेळात सोडते?

“तुमच्या भिंतीमागे काय भरले आहे?” काकांनी विचारले.

भिंतीमागे काळी माती होती. पायासाठी खणलेली तीच माती परत लोटली होती, कारण मुरूम विकत आणावयाचा तर पैसे पडले असते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि एकदा प्यालेले पाणी लवकर सोडीत नाही, हे देशावरच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. शेतात तो तिचा गुण. भिंतीमागे तोच दोष ठरला.

पुढे कित्येक संध्याकाळी आम्ही काकांकडे जाऊन बसलो. एकदा त्यांनी कपाटातून घट्ट झाकणाची बाटली काढली. तिच्यात काळसर करडा चिखल होता, मुंबईच्या खाडीतळाचा. मुंबई आणि न्हावा-शेवा यांच्यामधल्या पाण्याखाली असा मऊ गाळ ठिकठिकाणी कित्येक मीटर जाडीने साचलेला आहे. त्याखाली मुरूम आणि त्याखाली आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. गाळाचा एक गोळा त्यांनी आमच्या हातावर ठेवला. आकार धरून होता, पण अंगठा लावताच आत गेला. थोडा मळल्यावर तो अधिकच लिबलिबीत झाला.

“पाहिलेत? हात लावला आणि त्याचा स्वभाव बदलला,” काका म्हणाले. “म्हणून नमुना काढून प्रयोगशाळेत नेला, तर तो समुद्रतळाशी होता तसाच पोहोचला का, हे आधी पाहावे लागते.”

याकरिता पातळ पत्र्याच्या नळ्या हळुवार दाबून नमुने घेतात. फार मऊ गाळात तर नमुना काढण्याऐवजी चार पात्यांचे यंत्र खाली रोवून जागच्या जागी फिरवितात आणि गाळ किती विरोध करतो, ते मोजतात. वाळूत आणि मुरमात दुसरी रीत आहे. ६३.५ किलोग्रॅमचा घण ७५ सेंटिमीटरांवरून पुन्हा पुन्हा सोडावयाचा. पहिले १५ सेंटिमीटर सोडून देऊन, पुढचे ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागले ते मोजावयाचे. ठोके जितके कमी, तितकी माती दुबळी.

आमची समजूत अशी होती की, आकडे हाती आले म्हणजे काम संपले. काका हसले. “आकडे मिळविणे हा अर्धा भाग, फादर. त्यांतला कोणता धरावयाचा, हे ठरविणे हा उरलेला अर्धा. धक्के पडतात ते बहुधा या दुसऱ्या अर्ध्यात.”

त्यांनी उदाहरण दिले. समजा, गाळाच्या एका थरातून दहा नमुने घेतले. आठांची ताकद दर चौरस मीटरला तीन टन आली, दोघांची एकच टन. सरासरी काढली तर २.६ येते, कागदावर ती चांगली दिसते. पण ते दोन दुबळे नमुने एकाच खोलीवरचे असतील, तर खाली दुबळ्या गाळाचा सलग पापुद्रा पसरलेला आहे. माती घसरते तेव्हा ती सरासरी पाहून घसरत नाही. वाट सापडेल तेथून घसरते. तेथे एक हाच आकडा खरा.

मग सदैव सर्वांत लहान आकडा धरला की सुरक्षित, असे आम्ही म्हणालो. तेही त्यांना मान्य नव्हते. भिंतीमागची माती जड धरणे सुरक्षित, कारण ती ढकलणार आहे. भिंतीपुढची माती हलकी धरणे सुरक्षित, कारण ती भिंतीचा पाय रोखून धरणार आहे. पाइल ठोकावयाची असेल आणि माती कागदावर धरली त्याहून कठीण निघाली, तर पाइल अर्ध्यावरच अडून बसते. भराव घातल्यावर मऊ गाळ खचू लागतो आणि त्यात उभ्या असलेल्या पाइलला आपल्याबरोबर खाली ओढतो; तेथे गाळ जितका चिवट, तितके ओझे अधिक. तेव्हा तोच गाळ एका प्रश्नाला दुबळा धरावा लागतो आणि दुसऱ्या प्रश्नाला बळकट.

काळाचाही प्रश्न आहे. चिकण गाळावर भराव टाकला की नवा भार प्रथम त्यातील पाणी उचलते. मातीच्या कणांवर तो पोहोचलेलाच नसतो. पाणी जसजसे निघून जाते, तसतसे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि गाळ बळावतो. म्हणजे भराव घालताना धोका पहिल्या दिवसांचा. जहाजांसाठी धक्क्यापुढचा तळ खणून खोल केला, तर उलटे घडते. ओझे उतरलेला गाळ आरंभी ताठ राहतो, मग हळूहळू पाणी शोषून ढिला पडतो. तेथे धोका पुढल्या वर्षांचा. म्हणून धक्का आखणाऱ्याने आजची माती पाहावी आणि उद्याचीही पाहावी. पुढे कोणी तळ आणखी खोल करील, जहाजांच्या पंख्यांनी भिंतीचा पायथा उकरला जाईल, हेही धरून चालावे.

मातीच्या दाबाचे गणित फ्रेंच लष्करी अभियंता कूलॉम याने १७७६ साली प्रसिद्ध केले. परंतु मातीतील पाण्याने उचललेला भार वेगळा आणि कणांनी उचललेला वेगळा, आणि मातीचे बळ कणांच्या वाट्याला आलेल्या भारावर अवलंबून असते, हे नीट उलगडून दाखविले ते कार्ल टेरझागी यांनी. १८८३ साली प्राग येथे जन्मलेल्या या अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर इस्तंबूलमध्ये शिकवीत असताना, तुटपुंज्या साहित्यावर प्रयोग केले आणि १९२५ साली आपला जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला. या शास्त्राचे वय एवढे कोवळे आहे. मुंबईची प्रिन्सेस डॉक १८८० साली खुली झाली आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली, म्हणजे या ग्रंथाच्या आधी. त्या काळचे बांधणारे अनुभवावर आणि खालच्या खडकावर भिस्त ठेवून काम करीत.

खडक खोल असेल तेथे काय करावयाचे, याचे उत्तर न्हावा-शेवा येथे पाहावयास मिळते. १९८९ साली ते बंदर सुरू झाले. जहाजे लागतात तो धक्का खाली रोवलेल्या पाइलवर उभा आहे. परंतु मागे कंटेनर रचून ठेवण्याचे आवार मऊ गाळावरच आले. तेथे गाळात जवळजवळ उभ्या निचरा-पट्ट्या सोडल्या, वर भरावाचे ओझे ठेवले आणि पाण्याला बाहेर पडण्याची वाट दिली. पाण्याला जावयाचे अंतर निम्मे केले तर वेळ चौथाईवर येतो, असे टेरझागींचे गणित सांगते. पिढ्यान्‌पिढ्या जे काम चालले असते, ते काही महिन्यांत होते. गाळ तोच; त्याचे ओझे उतरविण्याची सोय केली एवढेच.

जेथे निवड चुकते, तेथे भूकंप हिशेब मागतो. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे शहर हादरले. तेथील बंदराच्या अवजड काँक्रीट पेट्यांच्या भिंती समुद्राकडे सरकल्या, काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत. त्यांच्याखाली आणि मागे भरलेली सैल, पाण्याने भिजलेली माती हादऱ्याने जणू पातळ झाली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपात कांडला बंदरातील कार्यालयाचा मनोरा पाइलवर उभा असूनही कलला. आता आपल्या पालघर जिल्ह्यात वाढवण येथे समुद्रात भराव घालून बंदर उभारावयाचे आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. वसई-पालघरकडे सोयरीक असलेल्या आमच्या वाचकांना तेथील मच्छीमार बांधवांची चिंता ठाऊक आहे आणि ती लहान नाही. येथे मातीपुरते बोलतो. टाकलेली वाळू ठोकून, दाबून घट्ट केल्याशिवाय ती जमीन नव्हे, हे कोबेने दाखविले आहे.

हे सारे ऐकताना आम्हांला सेमिनरीतील नीतिशास्त्राचे तास आठवत. संशयाच्या वेळी सदैव कठोरात कठोर मतच पाळावे, असे म्हणणारा एक पंथ होता. सवलतीला किंचित आधार मिळाला तरी पुरे, असे म्हणणारा दुसरा होता. सतराव्या शतकात ख्रिस्तसभेने दोन्ही टोके नाकारली. परंतु दुसऱ्याच्या जीविताचा प्रश्न असेल तेथे सुरक्षित मार्गच धरावा, हा नियम कायम राहिला. परीक्षेत आम्ही त्यावर चांगले उत्तर लिहिले होते. भिंतीच्या वेळी मात्र तो आम्हांला आठवला नाही.

आता ते सांगितले पाहिजे. काम सुरू होण्यापूर्वी त्या तरुण कंत्राटदाराने आम्हांला विचारले होते, “फादर, दोन खड्डे घेऊन माती तपासून घेऊ या का? काका तसे म्हणत होते.” आम्ही उत्तरलो, “अरे, साधी भिंत बांधावयाची आहे, गोदी नाही.” मुरूम त्याने सुचविला होता, तोही आम्हीच खोडला. पैसे लोकांच्या घामाचे होते, वाचविणे हे आमचे कर्तव्य, अशी आमची समजूत. शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरमाड जमिनीवर त्याने अशीच भिंत बांधली होती. तिचेच माप येथे घ्यावे, असे आम्ही ठरविले. दुसऱ्या जागेच्या मातीचे गुण आम्ही या जागेला लावले.

भिंत कलल्यावर सहा आठवडे आम्ही हे कोणाला सांगितले नाही. खोटे बोललो नाही, पण लोक बोलत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. त्या सहा आठवड्यांत त्या तरुणाच्या हातची दोन कामे गेली. तो आमच्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. काकांना सर्व माहीत होते. तेही आम्हांला काही बोलले नाहीत. ते फक्त मातीविषयी बोलत राहिले. पुष्कळ उशिरा आमच्या लक्षात आले की, आतले पाणी अडून राहिले म्हणजे काय होते, हे ते आम्हांला दर संध्याकाळी सांगत होते.

एका रविवारी मिस्सेनंतर, सूचना वाचून झाल्यावर, आम्ही लोकांना सर्व हकिगत सांगितली. कंत्राटदाराने विचारले होते आणि आम्ही नको म्हटले, हे नाव घेऊन सांगितले. मंदिरात शांतता होती. त्याची आई तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला. गेलेली दोन कामे त्याला परत मिळाली नाहीत. आमच्या कबुलीने ती मिळणारही नव्हती.

मग भिंतीचे काम पुन्हा काढले, त्याच्याच हातून. आधी दोन खड्डे घेतले. एका टोकाला दीड मीटरवर घट्ट मुरूम लागला; जेथे भिंत कलली होती, तेथे मात्र नाल्याचा जुना गाळ निघाला, कोणालाही ठाऊक नसलेला. तेथे पाया खोल नेऊन मुरमावर टेकविला. मागची काळी माती काढून खडी आणि मुरूम भरला, भिंतीत पाणी झिरपण्यासाठी नळ्या बसविल्या आणि त्यांच्या तोंडाशी माती वाहून येऊ नये म्हणून बारीक खडीचा थर दिला. पहिल्या वेळी वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च आला.

दोन घरांचा दाखला आम्ही पूर्वी अनेकदा प्रवचनात सांगितला होता. खडक चांगला, वाळू वाईट, एवढे सांगून आम्ही मोकळे होत असू. आता लूककृत शुभवर्तमान वाचताना तेथील एका तपशिलापाशी आम्ही थांबतो. त्या शहाण्या माणसाला खडक आयता मिळालेला नाही. तो खोल खणतो, तेव्हा खडक लागतो. आणि दोन्ही घरांवर येते ते नदीचे पाणी. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “वाळूला उगाच नावे ठेवू नका, फादर. घट्ट वाळूवर पुष्कळ धक्के उभे आहेत. त्या दुसऱ्याने खणून पाहिले नाही, ही त्याची चूक.”

गेल्या पावसाळ्यातही मुठेला पाणी सोडले, नाला फुगला आणि दोन दिवसांनी उतरला. पाणी उतरले की आम्ही छत्री घेऊन खाली जातो. भिंत सरळ आहे ना, हे नंतर पाहतो. आधी पाहतो ते नळ्यांतून पाणी येते आहे की नाही.